वादळानंतर वाडीत सुटलेला आंबूस वास: एका बागेचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. गावाचं नाव देत नाही, आणि वाडीच्या मालकांना नुसतं 'काका' म्हणतो. मी त्यांच्या भाच्याचा मित्र, कृषी पदवीधर, माडावर आयुष्यात एकदाही न चढलेला. सल्ला मी दिला आणि तो प्रत्येक वेळी बरोबर नव्हता, हेही पुढे येईलच.

पार्श्वभूमी

वाडी दक्षिण रायगडातली, समुद्र आणि गावचा रस्ता यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, दीड एकराची. ७४ माड, बहुतेक बाणवली, त्यातले अकरा आठ-दहा वर्षांचे. खाली साडेपाचशेच्या आसपास पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, श्रीवर्धनी रोठा जातीची. चार जायफळं, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, मागच्या बाजूला गोठा आणि गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा. पाट अजून वापरात, फक्त रहाटाच्या जागी पंप.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. दोन-तीन तासांत २१ माड आडवे झाले. पोफळी किती गेल्या ते काका मोजायला निघाले, तेव्हा काकू म्हणाल्या, "पडलेल्या नको, उभ्या किती ते मोजा, लवकर होईल." उभे राहिलेल्या माडांचीही दशा होती: अर्ध्याअधिक झावळ्या देठात मोडून लोंबत होत्या, काही शेंडे पिळवटलेले, आणि खाऱ्या फवाऱ्याने समुद्राकडची पात चार दिवसांत भाजल्यासारखी तांबूस झाली.

पुढच्या दोन आठवड्यांत वाडीत दोन गोष्टी ठरल्या, आणि दोन्ही त्या वेळी शहाणपणाच्या वाटल्या. पहिली, पंचनामा होईपर्यंत पडलेलं झाड हलवायचं नाही. गावात तशी बोलवा होती आणि नुकसानभरपाई हातची जाऊ द्यायला कोणी तयार नव्हतं. दुसरी, पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ-झावळ्या उतरवणारा गडी, मिळाला की लोंबत्या झावळ्या आधी साफ करायच्या. तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाला, दिवसाला दहा वाड्या करत होता. त्याने काम स्वच्छ केलं, फार स्वच्छ. मोडलेल्या झावळ्यांबरोबर अर्धवट हिरव्या झावळ्याही त्याने बुंध्यालगत छाटल्या आणि वर चढण्यासाठी जुन्या खाचा कोयत्याने पुन्हा ताज्या केल्या. पडलेले ओंडके पंचनाम्यानंतर तुकडे करून गायरीशेजारी रचले गेले. सॉमिलवाला माडाचं लाकूड घेत नाही, आणि जुलैच्या पावसात ते पेटतही नाही.

अडचण कशी लक्षात आली

मी जुलैच्या मध्यावर गेलो. फाटकातून आत शिरल्यावर आधी वास आला. गोडसर, आंबूस, माडी उतरवणाऱ्याच्या पडवीत येतो तसा. काकांना तो जाणवतच नव्हता, कारण ते महिनाभर त्यातच होते. काकूंना जाणवत होता. त्यांना वाटत होतं फणस कुजतोय.

एका लहान माडाचा शेंडा हाताच्या उंचीवर होता म्हणून जवळून बघता आलं. बुंध्यालगत कापलेल्या देठाचं तोंड तळव्याएवढं. कडा वाळून तपकिरी झालेल्या, पण मध्यभागी रस पाझरत होता, त्यावर साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे, आणि त्या फेसात चिलटं. तासभर थांबलो असेन. वीटेच्या रंगाचा, पाठीवर काळे ठिपके असलेला लांब सोंडेचा भुंगा येऊन देठाच्या कडेला बसला आणि सोंड तंतूंच्या फटीत घालून चाचपू लागला. सोंड्या भुंगा. मादी अशाच फटीत अंडी घालते.

ऑगस्टमध्ये नव्या झावळ्या उमलल्या त्या पंख्याच्या आकारात कातरलेल्या. ते काम गेंड्या भुंग्याचं. तो गायरीत आणि कुजक्या ओंडक्यांत वाढतो, कोंब पोखरतो, आणि त्याने केलेल्या भोकातून सोंड्या आत जातो. म्हणजे ओंडक्यांच्या राशीत गेंड्या, आणि छाटलेल्या देठांवर सोंड्या: दोघांनाही आम्हीच जागा करून दिली होती.

हा वास येतो कुठून

इथे थोडं थांबतो, कारण पुढचे सगळे निर्णय या वासावरच फिरतात.

झाडाला जखम झाली की पहिला वास काही सेकंदांत सुटतो. कापलेल्या गवताचा असतो तो. फाटलेल्या पेशींच्या पटलांतलं लिनोलेनिक आम्ल मोकळं होतं, लिपॉक्सिजनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्यात ऑक्सिजन घालतं, दुसरं विकर त्याचे तुकडे पाडतं, आणि सहा कार्बनांची हलकी संयुगं, हेक्सेनाल आणि हेक्सेनॉल, हवेत उडतात. हा साठवलेला वास नाही. जखमेच्या क्षणी जागेवर तयार होतो. पुढच्या तासांत जास्मोनिक आम्लाची, म्हणजे इजेची वर्दी झाडभर देणाऱ्या संप्रेरकाची, साखळी सुरू होते आणि अनेक झाडं टर्पीन जातीची वासाची संयुगं बनवून सोडू लागतात. मक्याची पानं अळीने कुरतडली की अशाच संयुगांचा माग काढत त्या अळीवर अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या येतात, हे नव्वदच्या दशकापासून माहीत आहे. अशी उदाहरणं वाचून 'झाड मदतीला हाक मारतं' असं लिहायचा मोह होतो. मला तो शब्द पटत नाही. हवेत सुटलेला वास कुणाच्या नावाचा नसतो. गांधीलमाशीला तो कळतो तसा भुंग्यालाही कळतो.

दुसरा प्रकार इथिलीनचा. कोकणात हा वायू सगळ्यांच्या ओळखीचा आहे, फक्त नाव माहीत नसतं: अढीत एक डागी आंबा राहिला की शेजारचे आधी पिकतात ते याच्यामुळे. वाऱ्याने पिळवटलेलं, वाकलेलं, पाण्यात उभं राहिलेलं झाडही इथिलीन जास्त बनवतं आणि फुलं-फळं धरून ठेवणारे देठ सैल होतात. जून-जुलैत काकांच्या माडांखाली बोंडांचा, म्हणजे कोवळ्या लहान फळांचा, सडा पडत होता. त्यासाठी 'टॉनिक' फवारायचा सल्ला एका दुकानदाराने दिला होता. आम्ही ते केलं नाही, आणि हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. शेंडा अर्धा मोडलेला माड तेवढी फळं पोसूच शकत नव्हता.

तिसरा प्रकार पाण्याचा. वाडीच्या खालच्या अंगाला पाट गाळाने बुजले आणि पाणी तुंबलं. मुळांना ऑक्सिजन मिळेना की पेशी साखर आंबवून काम भागवतात आणि इथेनॉल तयार होतं. पूर आलेल्या झाडांत ते रसाबरोबर वर चढतं आणि पानांतून अ‍ॅसिटाल्डिहाइड होऊन बाहेर पडतं. खोड पोखरणाऱ्या कित्येक भुंगेऱ्यांना आजारी झाड ओळखायला इथेनॉलचा वासच उपयोगी पडतो.

आणि चौथा, जो आम्हाला फाटकातच आला. माडाचा रस साखरेचा. पाझरून उघड्यावर राहिला की हवेतलं यीस्ट त्याला आंबवतं आणि इथेनॉल, इथाइल अ‍ॅसिटेट यांसारखी संयुगं सुटतात. हा वास निव्वळ झाडाचा नाही, झाड आणि यीस्ट यांचा मिळून आहे, पण सोंड्याला ओढतो तो मुख्यतः हाच. एक नर पोचला की तो स्वतःचं गंधद्रव्य सोडतो. १९९३ मध्ये ओळखलं गेलेलं हे फेरुजिनिऑल. त्याने नर आणि माद्या दोन्ही गोळा होतात, आणि आंबलेल्या रसाचा वास सोबत असेल तर एकट्या गंधद्रव्यापेक्षा कितीतरी जास्त.

त्यात माडाची एक अडचण आहे. आंब्याची फांदी कापली तर साल कडेने वाढून जखम बुजवते. माडाला तशी सालीखालची वाढणारी पेशींची चादरच नसते. खोडावर केलेली खाच माड जगेल तोवर खाचच राहते.

समोर असलेले पर्याय

ऑगस्टच्या शेवटी काका, पाडेली आणि मी पडवीत बसलो.

बुंध्यात कीटकनाशक भरणं हा पहिला पर्याय. पाडेलीचा कल तिकडे होता. लागण झालेल्या झाडाला त्याचा उपयोग असतो, पण अजून नेमकी कुठल्या माडाला लागण झाली हेच माहीत नव्हतं. शिवाय औषध भरायला बुंध्याला भोक पाडायचं, म्हणजे आणखी एक जखम, आणि नंतर ठरावीक दिवस शहाळी-नारळ उतरवायचे नाहीत. काकांनी सरळ नकार दिला. त्या वर्षी सुपारी गेलेली, हातात येणारा पैसा तेवढाच होता.

दुसरा, सगळा कुजका माल हलवून वाडी मोकळी करणं. सगळ्यात खात्रीचा, आणि सगळ्यात कष्टाचा. गडी मिळत नव्हते, कारण प्रत्येक घरात हेच काम होतं, वर कोरोनाचा काळ.

तिसरा, गंधसापळे. बादली, झाकणाला टांगलेली फेरुजिनिऑलची कुपी, तळाशी आंबलेलं आमिष आणि पाणी. स्वस्त, लगेच होणारा, आणि दिसणारा. मी याच्याच बाजूने होतो.

काहीच न करणं हाही पर्याय होता, आणि शेजारच्या दोन वाड्यांनी तोच घेतला. त्यांना मी दोष देत नाही. एकाचं घरच उडालं होतं.

काय केलं आणि कुठे चुकलं

सापळे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागले. दोन. काकांनी ते वाडीच्या मधोमध, लहान माडांच्या बुंध्यांना बांधले, कारण जपायचे होते ते लहान माड. मी फोटो पाहिला आणि 'छान' म्हणालो. पहिल्या आठवड्यात १७ भुंगे पडले, दुसऱ्यात त्याहून जास्त. काका रोज सकाळी मोजून मला व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा पाठवायचे. आकडा चढला की आम्हाला आनंद व्हायचा.

आनंद करायची गोष्ट नव्हती ती. सापळ्याचा वास शेजारच्या न साफ केलेल्या वाड्यांतून भुंगे आणत होता, आणि वासावर आलेला प्रत्येक भुंगा बादलीत पडत नाही. काही अलीकडेच, जवळच्या झाडावर उतरतात. ते जवळचं झाड म्हणजे आम्ही जपत असलेला, मऊ बुंध्याचा, जूनमध्ये छाटलेला माड. त्यात तिसऱ्या आठवड्यात काका तापाने आजारी पडले आणि बादली दहा-बारा दिवस तशीच राहिली. आमिष सुकलं, पाणी आटलं, कुपी मात्र चालू. म्हणजे वासाने बोलवायचं आणि पकडायचं नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका लहान माडाच्या बुंध्यातून तपकिरी चिकट रस ओघळताना दिसला, भोकाच्या तोंडाशी चावून टाकलेला भुसा. काकांनी बुंध्याला कान लावला आणि मला खुणेने बोलावलं. आतून कुरकुर ऐकू येत होती, कच्ची काकडी चावल्यासारखी. नोव्हेंबरमध्ये मधली झावळी नुसत्या ओढण्याने हातात आली. तो माड पाडून चिरला तेव्हा आत पाय नसलेल्या जाड पिवळट अळ्या आणि माडाच्याच तंतूंचे घट्ट गुंडाळून केलेले कोष निघाले. काथ्याच्या छोट्या गुंडाळ्या वाटाव्यात असे. काकू शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वास आला तेव्हाच सांगत होते." त्यांनी फणस म्हटलं होतं हे मी बोललो नाही.

त्यानंतरची कामं धडाधड झाली. सापळे वाडीच्या आतून काढून उत्तरेच्या पडीक कुंपणापाशी नेले, जवळच्या माडापासून जमेल तेवढे लांब. बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळलं, भुंग्याला चढायला पकड हवी म्हणून. आमिषाला गुळाचं पाणी आणि ओल्या देठाचे तुकडे, दर आठवड्याला नवीन, आणि त्याची जबाबदारी काकूंकडे. ओंडके उभे चिरून उन्हात पसरले, दोन बरे पाटावर साकव म्हणून टाकले. गायरी उपसली तेव्हा हुमणीसारख्या वळलेल्या गेंड्याच्या अळ्या घमेलंभर निघाल्या. त्या कोंबड्यांनी संपवल्या. उरलेल्या खतात मेटारायझियम मिसळलं, ही हिरवी बुरशी गेंड्याच्या अळीला मारते. लहान माडांच्या वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि तेवढीच वाळू भरली. खाचांना आणि उघड्या देठांना डांबर. पाट मोकळे करून तुंबलेलं पाणी काढलं.

निकाल

उभ्या राहिलेल्या ५३ माडांपैकी सहांना सोंड्याची लागण झाली. चार गेले. सहापैकी पाच लहान होते. लागण झालेले तीन माड पहिल्या सापळ्यांपासून दहा पावलांच्या आत, पण तेच माड जूनमध्ये सगळ्यात जास्त छाटलेलेही होते. मग घात कोणी केला, छाटणीने की सापळ्याने? मला निश्चित सांगता येत नाही. दोन्ही कारणं एकाच झाडावर येऊन बसली आणि वेगळी करायची सोय आम्ही ठेवली नव्हती.

पुढच्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकलं. या वाडीत पडझड कमी होती, पण झावळ्या पुन्हा मोडल्या. यावेळी पाडेली लगेच आला, आणि काकांनी त्याला तीन दिवस थांबवलं. पाडेली वैतागला: "काका, लोंबतंय ते डोक्यात पडेल कुणाच्या." वाटेवरच्या तेवढ्या काढल्या, बाकी लोंबू दिल्या. सुकून तांबड्या झालेल्या झावळीच्या देठातून रस येत नाही. ज्या हिरव्या कापाव्याच लागल्या त्यांचा बुंध्याकडचा चार फूट, म्हणजे १२० सेंटिमीटर देठ राखला. भुंगा कापलेल्या तोंडातून शिरला तरी अळीला बुंध्यापर्यंत पोचायला लांब पडतं आणि तोवर देठ वाळतो. डांबराचा डबा पाडेलीच्या कमरेलाच होता. कापलं की तिथेच फासायचं, कारण आंबायला दोन दिवसही पुरतात.

त्या वर्षी एक माड गेला. एवढ्यावरून आमचा उपाय लागू पडला असं म्हणणं घाईचं होईल. तोपर्यंत शेजारच्या वाड्याही साफ झाल्या होत्या आणि २०२१ चं वादळ इथे तितकं जोराचं नव्हतंच.

पुन्हा वेळ आली तर

पंचनाम्यासाठी थांबणं मी आज करणार नाही. पडलेल्या झाडांचे तारखेसकट फोटो, बुंध्यांवर चुन्याने आकडे, शेजाऱ्यांच्या सह्या, एवढं करून ओंडके पहिल्या आठवड्यात चिरायला घ्यायचे. ते मान्य होईल का, हे आधी तलाठ्याला विचारून घ्यायचं. आम्ही तेव्हा विचारलंच नव्हतं, गावच्या बोलण्यावर गेलो.

छाटणीच्या आधी मी काकूंना वाडीत फिरवून आणेन. चेष्टा नाही. महिनाभर एका वासात वावरलेल्या नाकाला तो कळत नाही. बाहेरून आलेलं, किंवा दिवसभर चुलीपाशी असलेलं नाक हवं. आंबूस वास ज्या माडापाशी असेल तिथे आधी डांबर, मग बाकीचं.

सापळा एकट्या वाडीने लावू नये, हे मी उशिरा शिकलो. पाच-सहा वाड्यांनी मिळून कडेकडेने लावला तर तो भुंगे घटवतो. एकट्याने मधोमध लावला तर सगळ्या गावचे भुंगे आपल्याकडे जेवायला. यासाठी काकांनी दोनदा बैठक बोलावली. पहिल्या वेळी सहा जण आले, दुसऱ्या वेळी दोन.

खाचांचा प्रश्न तसाच आहे. माडावर चढायचं यंत्र काकांनी आणलं, पाडेलीने एकदा वापरलं आणि परत दिलं. त्याच्या मते यंत्र सरळ माडासाठी ठीक, आणि वादळानंतर या वाडीत सरळ माड उरलेत किती? त्याचं चुकत नाही. खाचा चालू आहेत, नव्या केलेल्या खाचेला त्याच दिवशी डांबर लागतं, आणि डबा संपला की तो काकूंच्या दारात ठेवून जातो.